सिमेंटच्या खाली परत परत कीड: दोन जंतुनाशकं मिसळून दात का भरत नाहीत?

माणिकचमन_तासगाव
२ मार्च २०२५, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. प्रश्न दाताचा आहे आणि विचारणारा द्राक्षवाला आहे. तासगाव तालुक्यात तीन एकर बाग, निम्म्याहून जास्त माल बेदाण्याला जातो. त्यामुळं विचारायची पद्धत शेतातली असणार, सांभाळून घ्या.

खालची उजवीकडची मोठी दाढ. १९९६ ला तिच्यात चांदी भरली होती, ती २२ वर्षं टिकली. २०१८ ला ऊस सोलताना तुकडा हातात आला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता चांदी कोण भरत नाही, दाताच्या रंगाचं सिमेंट भरू. भरलं. २०२१ ला त्याच्या खाली कीड. उकरलं, परत भरलं. आता महिनाभर झाला, गार पाणी लागलं की कळ जाते, शेजारच्या फटीत काडी घातली की अडकते आणि काडीला वास येतो. काल दाखवलं. म्हणाले, "खाली परत कीड आहे. या वेळी अँटिबॅक्टेरियल बाँड, म्हणजे सिमेंट दाताला चिकटवणारा जंतुनाशक थर, वापरू, हजार रुपये जास्त पडतील."

हजाराचं काही नाही. पण माझ्या डोक्यात असं आलं की डाऊनीला, म्हणजे द्राक्षाच्या पानावर येणाऱ्या बुरशीच्या रोगाला, आम्ही कधी एकटं औषध मारत नाही. मेटॅलॅक्सिल पानात शिरतं, मॅन्कोझेब पानावर बसतं. दोन्ही एका पुडीत येतात, ८ टक्के आणि ६४ टक्के. एकाच्या तावडीतून सुटलेली बुरशी दुसऱ्याच्या तावडीत सापडते. नुसतं मेटॅलॅक्सिल मारत बसलेल्यांच्या बागेत बुरशी दोन-चार वर्षांत निर्ढावली, हे सगळ्या द्राक्षपट्ट्याला माहीत आहे.

मग दातात तसं का करत नाहीत? एक जागेवर बसणारं आणि एक आत झिरपणारं, अशी दोन जंतुनाशकं सिमेंटातच मिसळली तर खाली कीड लागेलच कशी? असं कुठं करतात का? की हजार रुपयांत मला नुसतं मॅन्कोझेब मिळणार आहे?

---

लवंग_वेलदोडा
२ मार्च, रात्री १०:२०

कशाला हजार रुपये घालवता. लवंगेच्या तेलाचा बोळा रात्री दाढेत ठेवा, सकाळी मिठाच्या पाण्यानं चूळ. आमच्या आजीचे सगळे दात ऐंशीपर्यंत जागेवर होते.

---

चिपळूणची_दाढवाली
२ मार्च, रात्री ११:३५

काका, प्रश्न झकास आहे. बावीस वर्षं दात भरतेय, पण पेशंटनं असा प्रश्न कधी विचारला नाही. बहुतेक जण "दुखेल का" आणि "किती होतील" एवढंच विचारतात.

आधी लवंगवाल्यांना. आजीच्या दातांना नमस्कार. लवंगेतल्या युजेनॉलनं कळ थांबते हे खरं, ते जंतूंनाही मारतं, आणि तात्पुरत्या भरणीच्या झिंक ऑक्साइडमध्ये आम्हीही ते वापरतो. पण युजेनॉल मुरलेल्या दातावर पांढरं सिमेंट, म्हणजे आमचं कॉम्पोझिट, नीट कडक होत नाही. भरायला येण्याच्या आदल्या रात्री बोळा ठेवून येऊ नका. ठेवलाच तर खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, लपवू नका.

आता मिश्रण. तुम्ही टाकीत वाट्टेल ते एकत्र ओतत नाही, तसंच आमच्याकडेही आहे. सोडियम हायपोक्लोराइट उत्तम जंतुनाशक, क्लोरहेक्सिडीनही उत्तम. दोन्ही एकत्र आले की तांबूस तपकिरी साका धरतो, म्हणून रूट कॅनालमध्ये एकानंतर दुसरं वापरायचं तर मधे धुऊन घ्यावं लागतं. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश आणि टूथपेस्ट यांचंही तेच. पेस्टला फेस आणणारा पदार्थ ऋणभाराचा, क्लोरहेक्सिडीन धनभाराचं. दोघं एकमेकांना मिठी मारून बसतात आणि दाताला काहीच मिळत नाही. अर्धा तास अंतर ठेवा म्हणतो ते त्यासाठी. दोन चांगली औषधं मिसळली की दुप्पट चांगलं होतं, हे तुमच्याकडेही खरं नसणार.

चांदी २२ वर्षं कशी टिकली? ती हळूहळू गंजते आणि तो गंज दात आणि भरण यांमधल्या फटीत बसून फट बुजवतो. आपोआप दुरुस्त होणारा बांध समजा. लिस्बनमध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीत दोन्ही प्रकारची भरणं सात वर्षांपर्यंत तपासली, तेव्हा पांढऱ्या भरणांना खाली परत कीड लागण्याचा धोका चांदीच्या साडेतीन पट निघाला. म्हणून चांदीच भरा असं मी म्हणत नाही. तिच्यात पारा असतो, तिला धरून ठेवायला चांगला दातही जास्त कोरावा लागतो, आणि युरोपियन संघानं तर १ जानेवारी २०२५ पासून ती अपवाद सोडून बंदच केली. पण "जुनं ते मागास" असं समजणाऱ्या आमच्याच लोकांना हा आकडा अधूनमधून ऐकवावा लागतो.

पांढऱ्याचं दुखणं वेगळं आहे. दिव्याखाली कडक होताना ते आकसतं, घनफळाच्या दोन-तीन टक्के. एवढंसं. पण ते चारी बाजूंनी चिकटलेलं असताना आकसतं, त्यामुळं जिथं पकड सगळ्यात दुबळी तिथं सुटतं. दुबळी जागा म्हणजे दोन दाढांमधली हिरडीलगतची खालची कड. तिथं एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, पातळ किंवा नसतंच, हिरडीतून ओल येत असते, आणि तुमची काडी अडकते तीही बहुधा तिथंच.

म्हणून बाँडचं बोलायच्या आधी चार गोष्टी सांगा.

दोन दाढांमधली कड दिसेल असा चावून काढायचा एक्स-रे, म्हणजे बाईटविंग, काढला का? मागच्या दोन वेळा भरताना दातावर रबराचा पडदा ताणला होता की गालात कापसाचे बोळे ठेवून काम उरकलं? दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं? जेवण सोडून विचारतेय. आणि तोंड कोरडं पडतं का, रोजची काही गोळी चालू आहे का?

---

माणिकचमन_तासगाव
३ मार्च, पहाटे ५:१०

मॅडम, एवढ्या रात्री एवढं लिहिलंत, आभार. आम्ही पहाटेचे, त्यामुळं आता वाचलं.

एक्स-रे एक बारका काढला होता, चावून नव्हे. रबराचा पडदा म्हणजे काय ते मी ऐकलेलंसुद्धा नाही, कापसाचे बोळे होते आणि एक पोरगी नळी धरून उभी होती.

गोड. आता इथं लपवून काय उपयोग. फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही शेडवर असतो. माल डिपिंग ऑइलमधून काढून रॅकवर टाकायचा, वाळला की झाडायचा, निवडायचा. बेदाणा झाला का नाही ते चावूनच कळतं. दोन दाणे इकडचे, दोन तिकडचे. वर सात-आठ चहा. मोजलं नाही, पण तोंड रिकामं असं नसतंच.

तोंड कोरडं पडतं, हो. बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतो. तिनं मला सर्दी आणि शिंका, सीझनभर. म्हणून रोज रात्री सेट्रिझिन घेतो, तीन महिने, गेली सात-आठ वर्षं. औषध दुकानातनंच आणतो. घसा कोरडा पडला की एक बेदाणा गालात ठेवायची सवय आहे, पाणी पिण्यापेक्षा ते बरं वाटतं.

लिहिताना माझं मलाच कळायला लागलंय.

---

चिपळूणची_दाढवाली
३ मार्च, सकाळी ८:०५

काका, तुम्ही दाढेची केस लिहून दिलीत. "गालात" म्हणजे उजव्या गालात ना?

---

माणिकचमन_तासगाव
३ मार्च, सकाळी ८:३१

उजव्याच.

---

राळ_आणि_रसायन
३ मार्च, दुपारी २:४५

मी डेंटल मटेरियल्समध्ये एमडीएस करतोय, दुसरं वर्ष. काका, तुमचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला, त्यामुळं घुसतोय. तुम्ही विचारलंय ते खरोखर करतात. प्रयोगशाळेत तर गेली तीसेक वर्षं चाललंय.

पहिली मोठी उडी जपानमध्ये, ओसाकाला. सातोशी इमाझातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या सुमारास एमडीपीबी नावाचा रेणू राळेत, म्हणजे कॉम्पोझिट आणि बाँड ज्याचे बनतात त्या रेझिनमध्ये, घातला. त्याच्या एका टोकाला जंतू मारणारा धनभारित गट आणि दुसऱ्या टोकाला राळेशी साखळी जोडणारा हात. दिवा मारला की तो राळेचाच भाग होतो, मग विरघळून जात नाही. जो जंतू येऊन टेकेल त्याचं आवरण फाटतं. तुमच्या भाषेत स्पर्शजन्य. तुमच्या डॉक्टरांचा बाँड कोणता ते माहीत नाही, पण क्लिअरफिल प्रोटेक्ट बाँड या नावानं बाजारात आलेल्या बाँडमध्ये हाच रेणू आहे, आणि सोबत फ्लोराइडही. म्हणजे तो असेल तर नुसतं मॅन्कोझेब नाही, दोन गोष्टी आहेत.

आंतरप्रवाही असं मात्र दातात काही नसतं. वेलीसारखा औषध वाहून नेणारा रस दाताला नाही. त्याच्या जवळचं म्हणजे झिरपणारं औषध. राळेत चांदीचे नॅनोकण, क्लोरहेक्सिडीन किंवा फ्लोराइड मिसळायचं, ते हळूहळू बाहेर पडून आजूबाजूच्या जंतूंना मारतं. त्याचा पल्ला जास्त, पण साठा संपतो. आणि विरघळणारा पदार्थ निघून गेला की त्याच्या जागी पोकळी राहते. भिंतीच्या गिलाव्यात खडीसाखर घातल्यासारखं.

स्पर्शजन्याची अडचण उलटी. ते संपत नाही, पण लाळेतली प्रथिनं काही मिनिटांत त्याच्यावर साय धरतात. मग मेलेल्या जंतूंचा थर बसतो, आणि त्या थरावर नवे जंतू आरामात राहतात. औषध खाली, रोग वर.

म्हणून मिश्रण. अमेरिकेत मेरीलँडला एका गटानं यावर पुष्कळ काम केलंय. एक घटक स्पर्शानं मारणारा, एमडीपीबीच्याच जातीतला पण लांब शेपटीचा. दुसरा एमपीसी नावाचा, जो मारत कुणालाच नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांची साय बसू देत नाही, त्यामुळं पहिल्याचं तोंड उघडं राहतं. तिसरा कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण, जे आम्लता वाढली की जास्त सुटतात आणि दाताचं गेलेलं खनिज परत भरायला मदत करतात. काहींत वर चांदीचे कण, वजनानं हजारात एक भाग. त्याहून वाढवले की रंग बिघडतो. यातली दोघं-तिघं एकत्र केल्यावर जंतूंच्या थरातल्या जिवंत जंतूंची संख्या हजार पटींहून जास्त घटलेली दिसते.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की चांगल्या मिश्रणात दोन मारेकरी नसतात. एक मारतो, एक चिकटू देत नाही, एक डागडुजी करतो. दोन मारेकरी एकत्र ठेवले तर बहुतेक वेळा एकाच दारातून आत जायला बघतात.

आणखी एक मिश्रण आपल्याकडे लहान मुलांच्या दुधाच्या दाढांत वापरतात: मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन, तिन्ही अँटिबायोटिक एकत्र वाटून लेप. ही पद्धत जपानमधल्या निईगाताहून आली. नस सडलेल्या दुधाच्या दाढेत ते ठीक, काही महिन्यांत दाढच पडणार असते. पण पक्क्या दातातल्या रोजच्या भरणीखाली अँटिबायोटिक कायमचं ठेवून देणं म्हणजे तुमच्या मेटॅलॅक्सिलची गोष्ट, फक्त माणसाच्या तोंडात. शिवाय मिनोसायक्लिननं दात काळवंडतो.

---

चिपळूणची_दाढवाली
३ मार्च, रात्री १०:५०

राळवाले, सुंदर लिहिलंयस. आता थोडं पाणी घालते.

हजार पट घट काचेच्या तबकडीत. एक-दोन जातींचे जंतू, दोन दिवसांचा थर. काकांच्या तोंडात शेकडो जाती, वर्षानुवर्षांची वस्ती आणि दर पंधरा मिनिटांनी बेदाण्याचा पुरवठा. वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१३ मध्ये जंतुनाशक घातलेल्या कॉम्पोझिटवरच्या माणसांतल्या चाचण्या शोधल्या, त्यांच्या निकषात बसणारी एकही सापडली नाही. "उपयोग होत नाही" असं त्यांनी म्हटलं नाही, "कुणी नीट तपासलंच नाही" असं म्हटलं. क्लोरहेक्सिडीनचंही तसंच. बाँड लावायच्या आधी २ टक्क्यांच्या द्रावणानं दात पुसून घेतला तर दातातलेच काही पाचक द्रव बाँडच्या थराखालचे तंतू खातात, ते थांबतं. प्रयोगशाळेत स्पष्ट दिसतं. पेशंटमध्ये भरण त्यामुळं जास्त वर्षं टिकलं असं ठाम दिसलेलं नाही. मी तरी पुसते. स्वस्त आहे, तोटा नाही. पण त्याचे वेगळे पैसे मागायला माझी जीभ रेटत नाही.

उलट एक जुनी गोष्ट. जॉर्जियात, अमेरिकेतल्या, मर्ट्झ-फेअरहर्स्ट बाईंनी कीड तशीच आत ठेवून वरून कॉम्पोझिटनं दात सील केले. औषध काही नाही. दहा वर्षांनंतरचे निकाल १९९८ ला आले: सील शाबूत होतं तिथं कीड पुढं सरकली नव्हती. वरून साखर बंद झाली की आतला जंतू उपाशी बसतो. त्यामुळं आज आम्हीही नसेजवळची मऊ कीड खरवडून नस उघडी पाडत नाही, तिथं थोडी ठेवतो आणि कडा मात्र स्वच्छ, कोरड्या, कडक करून बंद करतो.

तेव्हा काका, बाँड वाईट नाही. पण कापसाच्या बोळ्यात, हिरडीची ओल लागलेल्या कडेवर तो लावला तर त्यातला ओसाकाचा रेणू काय करणार?

तुमच्या दाढेला मी असते तर काय केलं असतं ते सांगते. बघितलेली नाही, त्यामुळं तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. रबर डॅम, म्हणजे तोच रबराचा पडदा, लावून जुनं काढायचं. कड हिरडीलगत असेल तर तिथं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, ३८ टक्के. हे तुमच्या अर्थानं खरं रेडीमिक्स आहे: चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कठीण करतं, अमोनिया दोघांना एका बाटलीत नांदवतो. फ्लोराइड ४४,८०० पीपीएम. आपल्याकडच्या पेस्टला कायद्यानं १००० ची मर्यादा आहे, त्यावरून अंदाज करा. जपानमध्ये १९७० पासून वापरात, आणि २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. तोटा एकच, कीड जिथं होती तो भाग कोळशासारखा काळा होतो. पोटॅशियम आयोडाइड वरून लावलं तर काळेपणा कमी होतो. मागच्या दाढेला कोण बघतंय?

त्यावर, खालच्या कडेपुरतं ग्लास आयनोमर. ते ओल सहन करतं, दाताशी रासायनिक रीतीनं चिकटतं, फ्लोराइड सोडतं, आणि साठा संपत आला की तुमच्या पेस्टमधलं फ्लोराइड शोषून परत थोडं भरून घेतं. चावायच्या जागी मात्र ते झिजतं, म्हणून वरचा थर कॉम्पोझिटचा. याला आम्ही सँडविच म्हणतो. हेही मिश्रणच झालं, फक्त एका टाकीत कालवण्याऐवजी थर लावलेले.

आणि सेट्रिझिन. लाळ म्हणजे दाताची चोवीस तासांची ठिबक आहे काका. तीच आम्ल धुते, तीच कॅल्शियम परत आणून देते. गोळीनं तुम्ही तीन महिने ठिबकचा व्हॉल्व्ह आवळता आणि वर बेदाणा गालात ठेवता. तोंडात साखर आली की दाताजवळची आम्लता वाढते, सामू साडेपाचच्या खाली गेला की एनॅमल विरघळायला लागतं, आणि तिथून परत वर यायला अर्धा तास तरी जातो. हिरडीलगतचं डेंटिन, म्हणजे एनॅमलखालचा मऊ भाग, तर त्याच्याही आधी विरघळतं. तुमच्याकडं तो अर्धा तास कधी येतच नाही.

गोळी आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरला दाखवा, नाकात मारायचा फवारा चालेल का विचारा. आणि धुरी देताना चांगला मास्क लावा. ते गंधक फुप्फुसाचंही बघत असेल.

---

राळ_आणि_रसायन
३ मार्च, रात्री ११:४०

मॅम, सगळं मान्य. पण एका गोष्टीवर भांडतो. "आधी सील नीट करा" हे बरोबर, पण सील कायमचं राहत नाही ना? लाळेतली आणि कीड लावणाऱ्या म्यूटन्स जंतूचीही एस्टरेज पाचकं राळेचे बंध हळूहळू तोडतात. पाच-सात वर्षांनी रबर डॅम लावलेल्यातही फट पडते. त्या दिवशी फटीच्या भिंतीला मारणारं काही असावं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

---

चिपळूणची_दाढवाली
४ मार्च, सकाळी ७:५०

हे मान्य. तो दिवस आला आणि तुझा बाँड काम करताना दिसला की चिपळूणला ये, करंद्याची भाजी मी खाऊ घालते.

---

लवंग_वेलदोडा
४ मार्च, सकाळी ९:१५

आजीनं आयुष्यात बिनसाखरेचा चहाच घेतला, हे मात्र आता आठवलं.

---

माणिकचमन_तासगाव
१९ एप्रिल २०२५, दुपारी १:२०

मंडळी, सीझन संपला, शेवटची गाडी कोल्ड स्टोरेजला गेली, खरड छाटणी चालू आहे. दुपारच्या सावलीत बसून लिहितोय.

मॅडमचं लिहिलेलं सगळं पोराला छापून आणायला सांगितलं आणि कागद घेऊन आधीच्याच डॉक्टरांकडं गेलो. वाटलं रागावतील. त्यांनी वाचलं, थोडा वेळ गप्प बसले, म्हणाले, "रबर डॅम माझ्याकडं आहे, पण पेशंट कंटाळतात म्हणून लावत नाही." मी म्हटलं, मी बागेत सहा-सहा तास ब्लोअर चालवतो, मला काय कंटाळा. लावलं. तोंडात ताडपत्री बांधल्यासारखं वाटतं, पण पाणी घशात जात नाही, आणि डॉक्टर घाई करत नाहीत.

चावून काढलेल्या एक्स-रेत मॅडम म्हणाल्या तिथंच काळं होतं, हिरडीलगत, शेजारच्या दाढेच्या बाजूला. वरून सिमेंट चकाचक. बघितलं आणि मला डाऊनी आठवली. पान वरून बघावं तर थोडा पिवळा तेलकट डाग, उलटून बघावं तर पांढरी बुरशी. खालून फवारा पोचला नाही तर टाकीत काहीही घाला.

नसेपर्यंत गेलेलं नाही. रूट कॅनाल टळलं. ती काळी करणारी चांदी लावली, आयोडाइड नको म्हटलं, काळी तर काळी. खाली आयनोमर, वर कॉम्पोझिट. बाँड कुठला लावला ते विचारलं, साधाच होता. त्याचे हजार घेतले नाहीत, पण रबर डॅमचे आणि वेळेचे म्हणून सातशे जास्त घेतले. मला ते पटले.

गोळीचं: तासगावातल्या फिजिशियनला दाखवलं. नाकाचा फवारा दिलाय, सेट्रिझिन बंद. पहिले आठ दिवस शिंका आल्या, मग बसल्या. पुढच्या सीझनला धुरीच्या खोलीत मी जाणार नाही, मास्क लावून पोरगा जाईल असं ठरलंय. बेदाणा चाखायचं सुटणार नाही, ते माझं काम आहे. पण आता चाखून झालं की पाण्यानं चूळ भरतो, आणि गालात ठेवणं बंद. चहा सातावरून चारावर, त्यातले दोन बिनसाखरेचे. बिनसाखरेचा चहा म्हणजे शिक्षाच, पण लवंगवाल्यांच्या आजीला आठवून पितो. रात्री दात घासल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड जागेवर राहतं, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलं.

गार पाणी आता लागत नाही.

---

राळ_आणि_रसायन
१९ एप्रिल, सायंकाळी ६:१०

काका, भारी. एक उलटा प्रश्न विचारू? आमच्या सेमिनारला धातूच्या आयनांवर बोलायचंय. चांदी, तांबं, जस्त. बोर्डो मिश्रण तुम्ही हातानं करता ना? ते विळ्यावर तपासतात असं वाचलं, ते नक्की काय?

---

माणिकचमन_तासगाव
१९ एप्रिल, रात्री ९:०५

करतो की. छाटणीनंतर कापलेल्या खोडांना लावतो, परवाच केलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या बादलीत रात्रभर भिजवायचं, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. चुना दुसऱ्या बादलीत विझवून गाळून घ्यायचा. मग दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतायची. चुन्याच्या जागी तिसरं काही घालायचं नाही आणि या मिश्रणात दुसरं औषध तर अजिबात नाही. मॅडमच्या साक्यासारखं होतं.

झालं की घासून चकचकीत केलेला विळा मिनिटभर बुडवायचा. वर काढल्यावर लाल तांबडा डाग दिसला तर तांबं अजून मोकळं आहे, लोखंडावर येऊन बसलंय. तसंच फवारलं तर कोवळी पानं जळतात. थोडी चुन्याची निवळी घालायची, ढवळायचं, विळा घासायचा, परत बुडवायचा. डाग पडायचा थांबेपर्यंत.